कंपनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण: जरूर घ्या, पण अटी घालून

आमचं भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा कापायचा-वाकवायचा कारखाना. पंचिंग, बेंडिंग, थोडं वेल्डिंग. ऑडिट जवळ आलं की फाइलला कागद हवा, म्हणून आजूबाजूच्या बऱ्याच कंपन्या प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स उरकून घेतात. १९४८च्या कारखाना कायद्याची जागा २०२५मध्ये नव्या संहितेने घेतली, पण त्यातलं कलम ४५ एचआरवाल्यांना तोंडपाठ असायचं: दर १५० कामगारांमागे एक पेटी, आणि ती सांभाळणारा प्रमाणपत्रधारक कामाच्या वेळेत हजर. पेटी असतेच हो. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आणि साहेब चाकणला, अशी गत.

यंदा आम्ही बोलावलेले सर लष्करातून निवृत्त झालेले, बोलायला एकदम रोखठोक. तरी सकाळचं सत्र वायाच गेलं. इंग्रजी स्लाइडी, हृदयाचे कप्पे, बाण आणि नावं. निम्मी पोरं यूपी-बिहारची, त्यांना मराठीसुद्धा बेताचीच कळते. हेल्पर लोक मागे बसून जांभया देत होते.

चहानंतर सीपीआरच्या सरावाचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायला शिकायचा पुतळा बाहेर आला आणि हॉल जागा झाला. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक, कोपर ताठ, दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल, वेग मिनिटाला १०० ते १२०. दिवसभर पत्र्याच्या शीट उचलणारा आमचा ऑपरेटर दोन मिनिटांत घामाघूम झाला. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, ते वेगळं सांगावं लागलं नाही. पण तीस जणांत पुतळा एकच! मागच्यांच्या वाट्याला चार-सहा दाब आले. एवढे पैसे घेऊन ही कंजुषी खटकली.

पैसे वसूल झाले ते जेवणानंतर, सर थेट प्रेसपाशी जाऊन उभे राहिले तेव्हा. "बोट तुटलं तर तुकड्याचं काय करायचं?" सगळे एका सुरात, "बर्फात!" सरांनी कँटीनमधून एक भेंडी मागवली, निम्मी कापली. तुकडा स्वच्छ, ओलसर गॉजमध्ये गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवली. बर्फ थेट लागला की पेशी मरतात, मग सर्जनला जोडायला काही उरत नाही. पिशवीवर वेळ लिहायची. आणि हे सगळं दुसऱ्या माणसाने. पहिल्याने जखमेवर कापड दाबून धरायचं, हात वर ठेवायचा, सोडायचा नाही. हे चौघांकडून करून घेतलं. मावशींनी भेंड्या मोजून दिल्या.

भाजल्यावर टूथपेस्ट नाही, २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी; फिट आली तर चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, हे पटापट झालं. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी सप्लाय तोडायचा, हे सांगताना सरांनी पॅनल कुठे आहे विचारलं. पॅनलसमोर स्क्रॅपचे बिन रचलेले होते. ते तिथल्या तिथे हलवायला लावले, हे फार आवडलं.

१०८ला फोन करायची तालीमही घेतली. वॉचमनने पत्ता सांगितला, "टपरीच्या समोर." आता ब्लॉक आणि प्लॉट नंबर गेटवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलाय. फोन झाला की एकाने गेटवर जाऊन थांबायचं, हेही ठरलंय.

बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्राचा मात्र फक्त फोटो दाखवला. कूलंट (मशीन थंड ठेवायचं द्रव) डोळ्यात उडालं तर काय, हा आमचा रोजचा प्रश्न वेळेअभावी राहिला.

पाचपैकी साडेतीन. भाव ठरवण्याआधी विचारून घ्या: पुतळे किती आणणार, हिंदीत शिकवणार का, मशीनपाशी येणार का. आमची रात्रपाळी अजून बाकी आहे. तिच्यासाठी याच सरांना बोलावतोय. लॅपटॉप आणू नका, दुसरा पुतळा आणा, असं फोनवर सांगून ठेवलंय.