दोन रविवार, सहाशे रुपये आणि भिंतीला न चिकटलेला फुगा

आधीच सांगते, मी सायन्सवाली नाही, बँकेत आहे, आणि हा क्लास मी काही हौसेने लावला नव्हता. भाची अकरावीला आहे, तिला कृष्णविवरांचं वेड, ताईने दोघींची फी भरून टाकली आणि मला फक्त कळवलं. विषय "कृष्णविवर आणि विद्युतभार", दोन रविवार, अडीच-अडीच तास, सदाशिव पेठेतला एक हॉल, मोठ्यांना सहाशे आणि विद्यार्थ्यांना तीनशे. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे बरीच कुरकुर करणार आहे.

गाडी नेऊ नका. मी पहिल्या रविवारी नेली आणि पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं गेली, दुसऱ्या वेळी मेट्रोने मंडईला उतरून चालत गेलो ते बरं पडलं. खुर्च्या फोल्डिंगच्या, लोखंडी, तासाभराने कंबर बोलायला लागते. प्रोजेक्टरचा रिमोट कोणाच्या तरी घरी राहिला होता म्हणे, मग सर सरळ फळ्याकडेच वळले, आणि खरं सांगू का तेच चांगलं झालं.

सुरुवातीला सरांनी एक फुगा काढला, फुगवला, शर्टावर चांगला खसाखसा घासला आणि भिंतीला लावला. पडला. परत घासला, परत पडला. तिसऱ्यांदा भाचीच्या केसांवर घासायला दिला तरी तेच. जुलै महिना, बाहेर रिपरिप, भिंतीला ओल, चार्ज टिकणार कुठून. मला वाटलं गेले तीनशे आजच्या दिवसाचे. तर सर फुगा टेबलावर ठेवून म्हणाले, "बघा, झालं की आजचं लेक्चर. कृष्णविवराचं पण हेच होतं, चार्ज राहतच नाही." त्यांनी हे आधीच ठरवून केलं होतं का खरंच फसलं होतं देवजाणे, पण पुढचा सगळा तास त्या पडलेल्या फुग्याभोवती फिरला.

मुद्दा असा की विजेचा जोर गुरुत्वाकर्षणापेक्षा भयंकर जास्त. एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन घेतला तर त्यांच्यातलं विजेचं आकर्षण गुरुत्वाच्या आकर्षणापेक्षा साधारण एकावर एकोणचाळीस शून्य इतक्या पटीने मोठं. म्हणजे कृष्णविवराला थोडा जरी पॉझिटिव्ह चार्ज आला तरी ते आजूबाजूच्या वायूतले इलेक्ट्रॉन खेचून घेणार, प्रोटॉनना लांब ढकलणार, आणि बघता बघता न्यूट्रल होणार. आता थोडा म्हणजे किती? इथे सरांनी पहिल्या रांगेतल्या एकाचा फोन मागितला. बॅटरी पाच हजार मिलीअँपिअर-अवर, म्हणजे पाच अँपिअर गुणिले ३६०० सेकंद, १८ हजार कूलोम (कूलोम म्हणजे चार्ज मोजायचं माप). शंभराने भागा, एक टक्का चार्जिंग म्हणजे १८० कूलोम. आणि सूर्याएवढ्या वजनाच्या कृष्णविवराला फक्त १५० कूलोमच्या आसपास चार्ज दिला की प्रोटॉनवरचं ओढणं आणि ढकलणं समसमान होतं, त्याच्या वर गेलात की प्रोटॉन आत पडायच्याऐवजी बाहेर फेकला जातो. एक टक्कासुद्धा नाही हो! फोनमधून हा चार्ज नुसता वाहून जातो, फोनवर साठून राहत नाही, हे सरांनी लगेच जोडलं, कारण मागून एक काका हात वर करतच होते. (हे काका दोन्ही रविवारी हात वर करूनच होते.)

मग साहजिकच मी विचारलं की जे टिकतच नाही त्यावर दोन रविवार कशाला? सर हसले, म्हणाले, "मॅडम, पुढच्या रविवारी सांगतो." हे असलं मला आवडत नाही, पण गेले.

दुसरा रविवार खरा पैसे वसूल. १९१६ साली श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने आइन्स्टाईनच्या गुरुत्वाच्या समीकरणांचं, चार्ज नसलेल्या, न फिरणाऱ्या वस्तूसाठीचं उत्तर काढलं, तेव्हा तो सैन्यात होता आणि त्याच वर्षी गेला. त्याच वर्षी राइसनरने आणि १९१८ मध्ये नॉर्डस्ट्रॉमने चार्ज असलेल्याचं उत्तर काढलं. सरांनी फळ्यावर पुण्याचा नकाशा काढला (शनिवारवाडा चौकोनी आणि मुठा नदी गांडुळासारखी) आणि म्हणाले सूर्याएवढं वजन शनिवारवाड्यात कोंबलं तर घटनाक्षितिज, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही ती हद्द, तीन किलोमीटरवर, पर्वतीच्या थोडी पुढे. आता वजन तेवढंच ठेवून चार्ज वाढवत न्या, तर हद्द आत सरकते, सरकत सरकत टिळक रोडच्या आसपास, दीड किलोमीटरवर येते. कारण त्या वजनातला काही वाटा बाहेर पसरलेल्या विद्युतक्षेत्राच्या ऊर्जेत असतो, तुम्ही जेवढे आत जाल तेवढा तो वाटा तुमच्या पाठीमागे राहतो आणि पुढचं ओढणं कमी पडतं. मला हे एवढंच नीट कळलं पण पक्कं कळलं.

शिवाय आतमध्ये दुसरी हद्द तयार होते, आणि चार्ज वाढवला की बाहेरची आणि आतली एकमेकींकडे सरकतात. दोन्ही एक झाल्या की कमाल मर्यादा. सूर्याच्या वजनाला ही मर्यादा सतरावर एकोणीस शून्य इतके कूलोम, आणि आपण दीडशेवरच अडकलेलो. काकांनी विचारलं, अजून कोंबला तर? तर म्हणे त्याच जातीचा चार्ज आत ढकलायला इतका जोर लावावा लागतो की त्या जोराची ऊर्जा वजनात भर घालते आणि मर्यादाच पुढे सरकते. घराचं बजेट असंच चालतं आमच्याकडे.

आता माझा आवडता भाग. १९४७ साली सुधांशु दत्त मजुमदार यांनी दाखवलं की असे मर्यादेला टेकलेले आणि एकाच जातीचा चार्ज असलेले गोळे कितीही शेजारी शेजारी ठेवा, गुरुत्वाचं ओढणं आणि विजेचं ढकलणं अगदी बरोबर कटतं आणि सगळे जागच्या जागी थांबतात, अंतर कितीही असो. पापापेट्रूनेही त्याच वर्षी हेच काढलं. ही खरोखर कृष्णविवरंच आहेत हे १९७२ मध्ये हार्टल आणि हॉकिंगने दाखवलं. सर हे सांगताना खडू हातात विसरून उभे राहिले होते. माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच, आकाशात सापडणार नाही तरी हिशोब पूर्ण सोडवता येतो, म्हणून अभ्यासाला सोयीचं.

भाचीने विचारलं, प्रकाश बाहेर येत नाही तर चार्जचं फील्ड कसं येतं? सर म्हणाले, ते आतून बाहेर येतच नाही, चार्ज आत पडण्याआधीच बाहेर पसरलेलं असतं, ते तसंच मागे राहतं. घरी येईपर्यंत ती गप्प होती, म्हणजे पटलं असावं.

आता कुरकुर. वरच्या मजल्यावर हार्मोनियमचा क्लास, त्यामुळे आतल्या हद्दीचं अस्थिर असणं आम्ही यमन ऐकत शिकलो. चहा पंधरा जणांना पुरला, आम्ही चाळीस. नोट्स छापून देणार होते, मिळाली तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, व्हॉट्सॲपवर, तीन दिवसांनी. आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळं उरकलं, मर्यादेला टेकलेल्या कृष्णविवराचं तापमान शून्य असतं हे एका वाक्यात. नरेश दधीच आणि संजीव धुरंधर, पुढे आयुकात, म्हणजे पुण्यातल्याच खगोलशास्त्राच्या संस्थेत, असलेली मंडळी, यांचा १९८५ सालचा पेपर, भोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर फिरत्या कृष्णविवरातून ऊर्जा काढणं सोपं पडतं असा, त्याला तर दोनच मिनिटं. पुण्यात बसून हे असं?

सरांना पाचपैकी पाच, आयोजकांना दोन, सरासरी तुम्ही काढा. पुढची बॅच डिसेंबरात, फिरणाऱ्या कृष्णविवरांवर. भाचीचं नाव घातलंय, ती फुगा घरून नेणारे. माझं खुर्च्या बदलल्या का ते विचारून मग.