डॉगरिज की ११० आर? दोन्हींवर पिके घेतल्यानंतर

तासगाव तालुक्यातली आमची थॉमसन द्राक्षाची बाग डॉगरिज आणि ११० आर या दोन खुंटांवर आहे. खुंट म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर द्राक्षाची काडी कलम करतात ते रोप. वरचे रान मुरमाड, खालचे काळे. दोन्ही रानांत डॉगरिजच्याही ओळी आहेत आणि ११० आरच्याही, मुद्दाम तशा ठेवल्या. पाणी सगळीकडे एकाच बोअरचे, मचूळ. खुंट नवीन असताना सगळेच चांगले वाटतात. खरा रंग दिसतो तो माल धरल्यावर, म्हणून लिहायला थांबलो होतो.

युरोपने खुंट धरले ते मुळांवरच्या फायलोक्झेरा किडीमुळे. आपल्याकडे कारण वेगळे: पाण्याची टंचाई आणि क्षार. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी (क्षारांचे मोजमाप) १.५ च्या वर गेली की द्राक्षाचे उत्पादन घटायला लागते. आमच्यासारख्या पाण्यावर स्वमुळावरची, म्हणजे खुंटाशिवायची बाग लावणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

डॉगरिज हा टेक्सासमधल्या चॅम्पिनी रानवेलीतून निवडलेला खुंट. जोर विचारू नका. मुरमाच्या रानात, पाणी तुटलेल्या उन्हाळ्यात, याच्या ओळी हिरव्या राहिल्या. सूत्रकृमींनाही (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) तो दाद देत नाही. पण हाच जोर काळ्या रानात अंगावर येतो. खरड छाटणीनंतर (काड्या तयार करण्यासाठीची छाटणी) फुटी अशा सुटतात, की शेंडे मारायला मजूर पुरत नाही. मांडव दाट झाला की काडीच्या डोळ्यांवर ऊन पडत नाही, सूक्ष्मघडनिर्मिती, म्हणजे डोळ्यात पुढच्या घडाची सुरुवात होणे, बिघडते आणि फळछाटणीनंतर (घड घेण्यासाठीची छाटणी) घडाऐवजी गोळी घड (आखडलेला घड) नाहीतर नुसती बाळी (वेलीचा ताणा) हातात येते. नत्र तोडले, डोळ्यात घड तयार होण्याच्या काळात पाणी कमी केले, सबकेन (शेंडा खुडून बगलफुटीची काडी करणे) वेळेवर केली, तेव्हा काड्या ताळ्यावर आल्या. शेजारी म्हणतात सीसीसी (वाढ रोखणारे औषध) मारा. मारतो, पण खुंटाचा स्वभाव फवारणीने बदलत नाही.

डॉगरिजचे दुसरे दुखणे हळूहळू कळते. वर्षे जातात तसे पानात सोडियम वाढत जाते आणि पालाश कमी पडते. मणी फुगायच्या वेळी जुनी पाने काठाने करपतात, आणि लोक करपा समजून बुरशीनाशक मारत बसतात. देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्ये तपासणे) केल्याशिवाय हे नक्की कळत नाही. आम्ही आता खरड छाटणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास देठ पाठवतो आणि शून्य शून्य पन्नास हे पालाशचे खत फळछाटणीनंतर लवकर सुरू करतो.

११० आर फ्रान्समध्ये रिश्टर यांनी १९०२ मध्ये काढला. बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर. त्याच पाण्यावर त्याची पाने शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, आणि माझ्या मते हा एकच गुण बाकी सगळ्याला पुरून उरतो. वाढ आवरती, काड्या एकसारख्या, घड भरवशाचे. चुनखडीही बऱ्यापैकी सोसतो. पण साचलेले पाणी त्याला अजिबात नको. परतीचा पाऊस लांबला तेव्हा काळ्या रानाच्या तळच्या ओळी पिवळ्या पडल्या. चर काढून पाणी बाहेर सोडले तेव्हा सावरल्या. सूत्रकृमी असलेल्या रानात तर डॉगरिजच बरा.

आणखी एक, ११० आर सावकाश जाडी धरतो. दोन्ही खुंट एकाच वेळी फेब्रुवारीत लावले, पण सप्टेंबरात पाचर कलम करायला गेलो तेव्हा डॉगरिज पेन्सिलएवढा जाड होता आणि ११० आरमधली बरीच रोपे बारीक. ती मागे ठेवावी लागली, रिकट (कलमाची फूट पुन्हा तळाशी कापणे) पुढे गेला आणि ओळीत लहानमोठी झाडे झाली. पहिल्या वर्षी बघणारा हसतो, हे धरूनच चाला.

रोपे घेताना भेसळ बघा. एका रोपवाटिकेकडून आलेल्या ११० आरच्या गठ्ठ्यात डॉगरिज निघाला होता. ओळख सोपी आहे: ११० आरचे पान लहान, रुंदट, चकचकीत, लव नसलेले, डॉगरिजच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरट लव असते. पिशव्या उतरवण्याआधी शेंडे तपासा, कलम झाल्यावर खुंटाचे पान दिसत नाही.

पुढच्या हंगामात लावायच्या तुकड्यात मुरमाच्या टोकाला डॉगरिज आणि बाकी ठिकाणी ११० आर. पाणी साचते त्या कोपऱ्यात ११०३ पॉल्सन या तिसऱ्या खुंटाच्या दोन ओळी लावून बघणार आहे. ओल आणि क्षार दोन्ही सोसण्यात त्याचे नाव आहे. माती-पाण्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय रोपांचे बुकिंग करणार नाही.