तोक्योची थंडी: कोतात्सूला पाचपैकी पाच, डब्यातल्या सूपला साडेतीन

तोक्योत बर्फ फारसा पडत नाही म्हणून मी निवांत होते, पण खरी थंडी रस्त्यावर नाही घरात असते हे कोणी सांगितलंच नव्हतं. उत्तरेकडच्या गारठलेल्या होक्काइदो बेटावरची घरं म्हणे उबदार असतात, आमच्या जुन्या अपार्टमेंटला मात्र पातळ भिंती आणि खिडकीला एकच काच, त्यामुळे पहाटे बाथरूमला जायचं म्हणजे शिक्षा. इथे खोली नाही, माणूस गरम करतात हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

तर कोतात्सू. बुटकं टेबल, त्याच्या खाली हीटर, वरून जाड रजई आणि रजईवर परत फळी. आमचं सेकंडहँड आहे. एकदा पाय आत गेले की उठवत नाही, पाठ मात्र गारच राहते म्हणून हान्तेन नावाचं कापूस भरलेलं जाकीट पण घ्याच. त्यातच झोपू नका असं सगळे सांगतात, मी झोपले, सकाळी घशाला कोरड आणि डोकं जड. वर मिकान म्हणजे जपानी संत्री ठेवायची पद्धत आहे, नागपूरवाल्यांनी चाखल्याशिवाय नाक मुरडू नये, सोलायला सोपी आणि बियांची कटकटच नाही.

बाहेर जाताना काइरो, म्हणजे अंगाजवळ ठेवायचं ऊब देणारं छोटं पाकीट. पाकिटात लोखंडाचा भुगा, मीठ, पाणी, कोळशाची पूड असते, हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्यातून ऊब येते, म्हणजे मी रोज गंजाच्या जिवावर ऑफिस गाठते. एक काइरो सकाळपासून संध्याकाळपर्यंत आरामात पुरतो. चिकटवायचा प्रकार कपड्यावरूनच लावा हां, आमच्या ह्यांनी पाकिटावरचं न वाचता थेट कातडीला लावला आणि कमरेवर चार दिवस लाल चौकोन घेऊन फिरले.

पिण्यात माझा पहिला नंबर आमाझाके, हे तांदळाचं गोड गरम पेय. तांदळाच्या कोजीपासून (म्हणजे बुरशी लावून आंबवलेल्या तांदळापासून) केलेली घ्या, त्यात साखर न घालताही गोडवा येतो आणि दारू नसते (साके म्हणजे तांदळाची दारू गाळून उरलेल्या चोथ्याची असते तिच्यात थोडी असते, लेबल बघा). दिसायला आपली पेज, वरून आलं किसून टाकलं की सर्दीत एकदम भारी. ओशिरुको म्हणजे अझुकी या छोट्या लाल कडधान्याचं गोड सूप, मला चवळीत साखर सांडल्यासारखं वाटलं, एकदा प्या आणि सोडून द्या.

आणि स्टेशनवरचं डबाबंद पेयांचं मशीन! ज्या डब्याच्या खाली लाल पट्टी ते गरम, निळी ते गार. मक्याच्या सूपचा डबा आधी दोन्ही हातांत धरायचा, मग गालाला लावायचा, पिणं नंतर. चव ठीक, जरा गोडसर, अर्धा स्टार मी दाण्यांसाठी कापलाय कारण ते तळाशीच बसतात. डब्याच्या तोंडाखाली अंगठ्याने दाबून खळगा पाडला की दाणे बाहेर येतात अशी एक युक्ती आहे, मी दरवेळी करते, तरी तीन-चार आत राहतातच आणि ट्रेन येते.