ब्रायरचे ट्रॅडिशनल घोडे: शोला न्यायचे असतील तर हातात धरून, निवडून घ्या

निकाल आधीच सांगून टाकते. मॉडेल हॉर्सचा, म्हणजे खऱ्या घोड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृतींचा नाद लागलाय आणि नुसता कपाटात ठेवायला नाही, तर शोच्या, म्हणजे या प्रतिकृतींच्या स्पर्धेच्या टेबलवर उभा करायला घोडा हवाय, तर ब्रायर या अमेरिकन कंपनीचा ट्रॅडिशनल साइजचा घोडा घ्या. एकच घ्या, पण तो दुकानात जाऊन, चारही बाजूंनी बघून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा कुठे गेला ते पुढे येईलच.

मला बरेच जण विचारतात की एवढ्या मोठ्या बाईला घोड्याची खेळणी कशाला लागतात. ज्यांनी ट्रॅडिशनल घोडा हातात घेतलेला नाही त्यांना ते खेळणं वाटणारच. हा १:९ स्केलचा असतो, म्हणजे खरा घोडा बरोबर नऊ पट लहान केलेला, डोक्यापर्यंत साधारण नऊ इंच उंच आणि लांबीला फूटभर. मांडीचा स्नायू कुठे वळतो, पोटाखालची शीर कुठून जाते, नाकपुडी किती फुगलीय, गुडघ्याचं हाड कसं बसलंय हे सगळं साच्यातच आलेलं असतं, आणि साचा करणारे मूर्तिकार हे घोड्याच्या शरीररचनेचा खरोखर अभ्यास असलेले लोक असतात. जर्मनीच्या ब्रिगिट एबर्ल किंवा अमेरिकेतल्या कॅथलीन मूडी यांचे साचे बघा आणि मग बाजारातला कुठलाही प्लास्टिकचा घोडा शेजारी ठेवा, मला काही समजावून सांगावं लागणार नाही.

कंपनीची गोष्ट मला फार आवडते म्हणून थोडक्यात सांगते. ब्रायर मोल्डिंग ही शिकागोची प्लास्टिकच्या वस्तू बनवणारी कंपनी, घोड्यांशी काही संबंध नाही. १९५० मध्ये मास्टरक्राफ्टर्स नावाच्या घड्याळ कंपनीला मँटलवर, म्हणजे शेकोटीवरच्या फळीवर ठेवायच्या घड्याळाशेजारी उभा करायला एक घोडा हवा होता, तो ब्रायरने करून दिला, साचा ब्रायरकडेच राहिला, आणि लोक घड्याळ सोडून घोडाच मागायला लागले. तो वेस्टर्न हॉर्स, नंबर ५७. पुढे ख्रिस हेस या एका मूर्तिकाराने कित्येक दशकं कंपनीचे जवळजवळ सगळे साचे घडवले. १९८४ मध्ये रीव्ह्ज इंटरनॅशनलने कंपनी घेतली आणि कारभार न्यू जर्सीत आला. आम्हीही न्यू जर्सीतच राहतो, त्यामुळे इथल्या घोड्यांच्या सामानाच्या, चारा-खाद्याच्या दुकानांत ब्रायरचा रॅक हमखास दिसतो, आणि माझा नाद सुरू व्हायला तो रॅकच कारण झाला.

आता मटेरियल. ट्रॅडिशनल घोडा सेल्युलोज ॲसिटेट या एका प्रकारच्या प्लास्टिकचा असतो, हे महत्त्वाचं आहे कारण याच्या सगळ्या चांगल्या-वाईट गोष्टी तिथूनच येतात. ॲसिटेट कडक असतं, हाताला जरा ऊबदार लागतं, बारीक खोदकाम छान धरतं, रंगही छान धरतं. दोन अर्धे भाग साच्यातून काढून चिकटवतात, सांधा घासून काढतात, मग एअरब्रशने रंग आणि डोळे, खूर, कपाळावरचा पट्टा असली बारीक कामं हाताने. हाताने, म्हणजे प्रत्येक घोडा वेगळा! एकाच साच्याचे, एकाच रंगाचे, एकाच खोक्यातून आलेले चार घोडे रॅकवर असले तरी एकाचा डोळा जिवंत असतो आणि दुसऱ्याचा जरा तिरका, एकाच्या पायाचे पांढरे मोजे स्वच्छ रेषेत आणि दुसऱ्याचे पुसट. घरी ठेवायला घेतलात तर काहीच फरक पडत नाही. शोला मात्र सगळा खेळ तिथेच आहे, म्हणून मी अर्धा गुण कापला. हल्ली ट्रॅडिशनलला पन्नास डॉलर आणि त्याच्याही वर मोजावे लागतात, तेवढे मोजून वर रॅकसमोर निवडत बसावं लागतं आणि ज्यांच्या गावात दुकानच नाही त्यांना हा मार्गच नाही, हे मला पटत नाही.

शो कसा असतो ते सांगते म्हणजे निवडायचं का म्हणते ते कळेल. एखादा हॉल, लांबच लांब टेबलं, त्यावर कापड, आणि वर्ग पुकारला की आपापला घोडा नेऊन ठेवायचा, त्याच्या पायाला दोऱ्याने छोटा टॅग बांधलेला, त्यावर घोड्याचं नाव, जात, नर की मादी. आपण बाजूला व्हायचं आणि जज येतो. फॅक्टरीतून आला तसाच घोडा असेल तर तो ओएफ, म्हणजे ओरिजिनल फिनिश. कोणी रंग बदलला, मान वळवली, आयाळ नवीन केली की तो कस्टममध्ये. कलाकारांनी थोड्या संख्येने काढलेले रेझिनचे घोडे वेगळे, चिनी मातीचे वेगळे. ओएफच्या ब्रीड हॉल्टरमध्ये, म्हणजे जातीनुसारच्या वर्गात, जज तुमच्या मॉडेलकडे खरा घोडा समजूनच बघतो, पाय सरळ आहेत का, चाल शक्य आहे का, सांगितलेल्या जातीचा वाटतो का, त्या जातीत हा रंग येतो का, आणि मग कंडिशन: ओरखडा, कानाच्या टोकाचा उडालेला रंग, पोटावर दिसणारा सांधा. तोच घोडा कलेक्टिबिलिटीमध्येही ठेवता येतो, तिथे मात्र किती जुना, किती दुर्मिळ आणि किती जपलेला यावर ठरतं. उत्तर अमेरिकेतल्या मॉडेल हॉर्स शोंची नॅमसा म्हणून संघटना आहे, तिच्या पात्रता शोमध्ये वर्गात पहिल्या दोघांना कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर नॅन, म्हणजे नॅशनल्सला, संघटनेच्या मुख्य स्पर्धेला जाता येतं. फक्त पहिल्या दोघांना. तिसऱ्याला रिबन मिळते, कार्ड नाही. म्हणून टेबलवर तुमच्याच साच्याचा, तुमच्याच रंगाचा अजून एक घोडा उभा असला की डोळ्यातल्या त्या टिकलीएवढ्या रंगावर कार्ड जातं की राहतं ते ठरतं, हे मी स्वतः उभं राहून बघितलंय.

तर दुकानात काय बघायचं. आधी डोळे, दोन्ही, आणि समोरून एकदम, कारण बाजूने दोन्ही चांगले दिसतात आणि समोरून कळतं की एक वर एक खाली आहे. मग दोन कानांच्या मधली जागा आणि पोटाखालून शेपटीपर्यंतचा सांधा, बोट फिरवता आलं नाही तरी उजेडात तिरका धरून बघा. पायांच्या आतल्या बाजू, तिथे रंग कमी बसतो. आयाळ आणि मान जिथे मिळतात तिथे काळा रंग उडून मानेवर धुकं आलंय का. पांढऱ्या खुणांची कड. मग खोक्यात बांधलेला पट्टा किंवा तार जिथे लागते तिथे घासलंय का. आणि सगळ्यात शेवटी, काउंटरवाल्याला विचारून, सपाट जागेवर उभा करून बघा, चारही खूर टेकतात का, हलकं टकटक केल्यावर डुगडुगतो का. शोच्या टेबलवर शेजारच्याचा धक्का लागून एक घोडा पडला की अख्खी रांग पत्त्यांसारखी खाली जाते आणि त्यात दुसऱ्या कोणाचा तरी कान तुटतो.

ऑनलाइन मागवायचाच असेल तर विक्रेत्याला आधी त्याच घोड्याचे फोटो मागा, कॅटलॉगचे नको. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला फोटो न पाठवता सरळ एका पातळ खोक्यात एकच कागद गुंडाळून घोडा पाठवला होता, पुढचा खूर खोकं फोडून बाहेर आलेला आणि कानाचं टोक पांढरं पडलेलं. पैसे परत मिळाले, पण उडालेला रंग काही परत मिळायचा नव्हता, आणि ते मॉडेल तोवर बंद झालेलं.

ॲसिटेटला ऊन चालत नाही हे लिहून ठेवा. जुलैत गाडीत घोडे ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत एखाद्याचा पाय वाकलेला असेल. गरम पाण्यात धरून पाय सरळ करतात, होतोही, पण ते काम ज्याला येतं त्यानेच करावं. जुने पांढरे घोडे पिवळे पडतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटीशेवटीच्या काही घोड्यांचं ॲसिटेटच बिघडत जातं, आकसतात, चिकट होतात, व्हिनेगरसारखा वास येतो, हॉबीत त्यांना श्रिंकी म्हणतात. सेकंडहँड घेताना त्यामुळे नाक वापरा, खरंच. आणि असा घोडा बाकीच्यांपासून लांब ठेवा. जुन्यांत मजा मात्र फार आहे: साठच्या दशकात ब्रायरने निळ्या आणि सोनेरी रंगाचे डेकोरेटर घोडे काढले होते, वेजवुड, कोपनहेगन, फ्लोरेंटाइन, गोल्डन चार्म अशी नावं, तेव्हा फारसे कोणी घेतले नाहीत आणि आता ते बघायला मिळाले तरी लोक खूश होतात.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. माझं माहेर दौंडचं, भीमेकाठचं, आणि शोमध्ये घोड्याला जात द्यायची असते हे कळल्याबरोबर माझ्या डोक्यात भीमथडीच आलं. मराठ्यांच्या घोडदळातली ही तट्टं, अंगाने लहान पण काटक, डोंगरात आणि कमी चाऱ्यावर टिकणारी, आणि आता देशी जात म्हणून त्यांची सरकारी नोंदही झालीय. अमेरिकेत शोला अरबी, मॉर्गन, क्वार्टर हॉर्स यांचे वर्ग गच्च भरतात, आणि 'इतर शुद्ध जाती'च्या वर्गात तुम्ही काही अपरिचित ठेवलंत तर शेजारी छोटी माहिती आणि खऱ्या घोड्याचा फोटो ठेवायचा. मी ट्रॅडिशनलमधली एक साधी उभी घोडी निवडली, तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ, काळे पाय, कुठेही दिखाऊपणा नाही. माहितीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, आणि जजबाईंनी चिठ्ठी पूर्ण वाचली, फोटो हातात घेऊन घोडीशी जुळवून बघितला आणि नंतर मला शोधत आल्या, ही जात कुठली, अजून किती राहिलीत म्हणून. नंबर तिसरा आला. इथे कोणी तरी भीमथडी हा शब्द पहिल्यांदा वाचला याचा मला जो आनंद झाला तो नॅनच्या कार्डापेक्षा मोठा होता.

मारवाडीचं मात्र अवघड आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक लागतं, तीच तर त्यांची खूण, आणि सरळ कानाचा घोडा मारवाडी म्हणून ठेवलात तर जाणकार जज लगेच बाजूला करेल. मग एपॉक्सी क्लेने कान नवीन करायचे, पण कान केलेत की घोडा ओएफमधून गेला, कस्टममध्ये लढायचं, तिथे रंगकामाचे उस्ताद बसलेत. मी हे काम एका कस्टम कलाकाराकडून करून घेतेय, तिला द्यायला सारंगखेड्याच्या यात्रेतले फोटो माझ्या भावाने काढून पाठवले, दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पंचकल्याणी घोडा, चारही पाय आणि कपाळ पांढरं, असा करून घ्यायचाय.

शोमधल्या परफॉर्मन्स वर्गांबद्दल थोडंच लिहिते कारण त्यात मी अजून उतरलेली नाही. तिथे घोड्यावर खोगीर, लगाम, कधी स्वारही, आणि उडीचे अडथळे वगैरे मांडून एक क्षण उभा करायचा असतो. १:९ मधलं चामड्याचं खोगीर, त्याच्या रिकिबी, बकला, सगळं हाताने करणारे लोक आहेत आणि चांगल्या खोगिराची किंमत घोड्याच्या कितीतरी पट जाते. लगामाची कडी तोंडात चुकीची बसली तरी गुण जातात. ट्रॅडिशनल साइजचं सामान सगळ्यात जास्त मिळतं, हाही या साइजचा मोठा फायदा.

बजेट कमी असेल किंवा जागा नसेल तर ब्रायरचेच स्टेबलमेट्स आहेत, १:३२, तळहातावर मावणारे, दहा डॉलरच्या आत मिळतात, १९७५ पासून निघतायत आणि शोला त्यांचे वेगळे वर्ग असतात. वाईट अजिबात नाहीत, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेतही सहज जातात. पण डोळ्यातली टिकली तिथे सुईच्या टोकाएवढी, त्यामुळे निवडताना भिंग लागतं. मधला क्लासिक साइज, १:१२, मला स्वतःला फार भावत नाही, रंगकाम ट्रॅडिशनलइतकं खोल वाटत नाही. श्लाइश या खेळण्यांच्या कंपनीचे घोडे मुलांना खेळायला उत्तम, भरीव आणि दणकट, माझ्या भाच्याला मी तेच दिलेत.

केंटकीत लेक्सिंग्टनला हॉर्स पार्कमध्ये दर जुलैत ब्रायरफेस्ट भरतो, १९९० पासून, तिथे खरे घोडे, शो आणि फक्त त्या उत्सवासाठी काढलेली मॉडेल्स असं सगळं असतं, आणि हॉटेलच्या खोल्याखोल्यांतून लोक आपले जुने घोडे पलंगावर मांडून विकतात. जमलं तर पहिला घोडा तिथे घ्या, कारण एकाच साच्याचे ढीगभर घोडे शेजारी शेजारी हातात घेऊन बघायला दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. नाही जमलं तर जवळच्या दुकानात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसते, काउंटरवाले खोकी काढून दाखवतात. जाताना बबल रॅप आणि जुने मऊ सुती कापड घेऊन जा, आणि घोडा गाडीत आडवा ठेवा, उभा नाही.