रेसचं पुस्तक: शनिवारी रात्री वाचलं, रविवारी महालक्ष्मीला तपासलं

रविवारी महालक्ष्मी रेसकोर्सला घोड्यांच्या रेसला जायचं असेल तर रेसचं पुस्तक आदल्या दिवशीच घ्यायचं, ही सवय मला मामांनी लावली. मामा लोअर परळला गिरणीत होते, कागद आणि पेन्सिल घेऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "अरे, घोड्याचं नाव नंतर बघ, आधी वजन बघ." आता मी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर मिळतं ते एक पुस्तक गेले तीन सीझन घेतोय, त्याचाच हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि रेसला जाणाऱ्या कोणालाही कळेल की अशी दोन-तीन पुस्तकं सारख्याच धाटणीची असतात.

तर आत काय असतं? प्रत्येक रेसचं कार्ड, घोड्याचं रेटिंग (त्याच्या कुवतीचा आकडा), पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर, ड्रॉ (सुटताना आतून कितव्या नंबरला उभा ते), मागच्या रेसेसचे रिझल्ट, आठवड्यातलं मॉर्निंग वर्क म्हणजे सकाळच्या सरावाच्या वेळा आणि शेवटी चार-पाच जणांच्या टिप्स. नवीन माणूस पुस्तक उघडतो आणि सरळ शेवटच्या पानावर जातो, टिप्सच्या कॉलममध्ये कोणाला जास्त टिक आहेत ते बघतो आणि तोच लावतो. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात कमी कामाचं पान तेच. सगळे जण फेवरिटच देतात, आणि फेवरिट कोण आहे ते तर रेसकोर्सवर भाव बघूनपण कळतं, त्यासाठी पैसे कशाला द्यायचे.

खरा माल कार्डात आहे. आपल्याकडे हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणतात त्या रेसमध्ये, रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. म्हणजे 46 रेटिंगवाल्याच्या पाठीवर 60 किलो असतील तर 30 वाल्यावर 52. क्लास पाचपासून एकपर्यंत, पहिला सगळ्यात वरचा, आणि क्लासच्या रेटिंगच्या हद्दी एकमेकांत थोड्या घुसलेल्या असतात, क्लास थ्री 40 ते 66 आणि क्लास टू 60 ते 86. इथेच गंमत आहे. 60 च्या थोडं वर असलेला घोडा क्लास टूमध्ये तीनदा मागे पडतो, रेटिंग ठरवणारा हँडिकॅपर त्याचं रेटिंग उतरवतो आणि तो खाली क्लास थ्रीमध्ये येतो, तेव्हा कार्डावर त्याचे शेवटचे नंबर वाईट दिसतात म्हणून कोणी बघत नाही, पण आता समोरचे घोडे कमी ताकदीचे आहेत.

गेल्या रविवारी मला असाच एक मिळाला, पाचव्या रेसला. 62 वरून 56 वर आलेला, मागच्या तीन रेसेस 1600 मीटरच्या आणि तिन्हीत शेवटच्या घोळक्यात, पण त्याआधी 1200 मीटरला दोनदा जिंकलेला, आणि यावेळी रेस 1200 चीच होती. टॉप वेटवाला 66 रेटिंगचा, म्हणजे आमच्या घोड्याला त्याच्यापेक्षा पाच किलो कमी. मॉर्निंग वर्कमध्ये 600 मीटर 38 सेकंदात, आणि वर शेरा होता की आरामात धावला. टिप्सच्या पानावर त्याचं नाव एकाही कॉलममध्ये नव्हतं. मी शनिवारी रात्री अकरा वाजता पेन्सिलने गोल केला आणि दुसऱ्या दिवशी विनला 100 रुपये लावले, घोडा शेवटच्या 200 मीटरला बाहेरून आला आणि दीड लेंथने जिंकला. टोटला, म्हणजे क्लबच्या बेटिंगच्या खिडकीवर, 10 रुपयांवर 41 आले. ओरडून घसा बसला माझा.

आता उलट बाजू. दुसऱ्या रेसला मी एक घोडी धरली होती, नुसत्या गॅलपवर, म्हणजे सकाळच्या सरावातल्या धावेवर. 600 मीटर 36 सेकंद, अख्ख्या रेसमध्ये सगळ्यात फास्ट. पण पुस्तकात त्या गॅलपपुढे आर. बी. लिहिलेलं होतं, म्हणजे रायडिंग बॉय बसला होता, रेसचा जॉकी नाही, आणि तिचा ड्रॉ होता 11. सुटल्यापासून ती बाहेरच्या बाजूला अडकली, आत यायला जागाच मिळाली नाही, वळणावर लांबचा फेरा पडला आणि सरळीत येईपर्यंत दम संपला, सहावी. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर छापलेल्या होत्या, फक्त वेळेच्या आकड्यासमोर मी त्यांना किंमत दिली नाही. एक आकडा कधीच एकटा वाचू नका.

पुस्तक जे सांगूच शकत नाही ते पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे दिसतं. सातव्या रेसला ज्याला पुस्तकाने डेज बेस्ट, म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला, म्हटलं होतं तो घोडा परेड रिंगमध्ये फिरताना मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस येईपर्यंत घामाघूम झाला होता, लगाम धरणाऱ्या सायसाला सारखा ओढत होता. मी लावला नाही. तो चौथा आला. म्हणून म्हणतो, स्टँडमध्ये खुर्ची पकडून बसण्यापेक्षा प्रत्येक रेसआधी पाच मिनिटं पॅडॉकच्या कठड्याला जाऊन उभे राहा.

तक्रारी. एक, अक्षर इतकं बारीक आहे की संध्याकाळच्या लोकलमध्ये वाचताच येत नाही. दोन, पुस्तक आधीच छापलेलं असतं त्यामुळे विड्रॉल (ऐनवेळी काढून घेतलेले घोडे) आणि जॉकीचे बदल त्यात नसतात, ते रेसकोर्सवरच्या बोर्डवरूनच घ्यावे लागतात, आणि पुस्तकात कुठेही तशी सूचना नाही, नवीन माणूस फसतो. तीन, मागच्या दोन अंकांत एका घोड्याचं वजन चुकीचं छापलं होतं. ज्या गोष्टीवर सगळं गणित उभं आहे तीच चुकली तर माणसाने काय धरायचं? प्रूफ नीट वाचा, एवढं मागणं आहे.

तरीपण फोनवरच्या टिप्सपेक्षा हे पुस्तक शंभर पटीने बरं. आमच्या ऑफिसमधल्या एकाने एका टिपवाल्याला 1500 रुपये भरले, खात्रीचा घोडा म्हणून, आणि तो घोडा पहिल्या पाचातपण नव्हता. खात्रीचा घोडा ही गोष्टच नसते. सुप्रीम कोर्टाने 1996 साली रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि मला ते पटतं, पण कौशल्य म्हणजे स्वतः वाचणं, दुसऱ्याने कानात सांगितलेलं नाव नव्हे. पैशाचं पण सांगतो, बेटिंगवरचा जीएसटी 28 टक्के होता तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 झाला, त्यामुळे कमावायला म्हणून जाऊ नका. माझा दिवसाचा हिशोब 500 रुपये, पाच रेस, दोन लागल्या, हातात आले 600. जॅकपॉट (ओळीने अनेक रेसचे विनर सांगायचे) आणि टनाला (एका रेसचे पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे) मी लावतच नाही, तेवढं पुस्तक मला सांगत नाही.

एक गोष्ट डर्बीसाठी लक्षात ठेवा. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची इंडियन डर्बी हँडिकॅप नाही, चार वर्षांच्या घोड्यांची 2400 मीटरची रेस आहे, तिथे रेटिंगप्रमाणे वजन बदलत नाही, त्यामुळे वजनाचा कॉलम सोडून द्या आणि 1600 ते 2000 मीटरला शेवटी कोण पुढे येत होता ते बघा, बाप कोण ते बघा. मामा अजून 1977 च्या स्क्वांडररबद्दल सांगतात, 19 रेसेसमध्ये 18 जिंकलेला घोडा. 1883 पासूनचा हा रेसकोर्स, आता जवळपास 120 एकर जागा महापालिकेच्या पार्ककडे गेली, 91 एकर रेस चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे राहिली. ट्रॅक राहिला याचंच मला मोठं समाधान आहे.

पाचपैकी साडेतीन स्टार. कार्ड आणि मॉर्निंग वर्कसाठी घ्या, टिप्सचं पान उघडू नका. डर्बीच्या आठवड्याला मी दोन प्रती घेणार आहे, एक माझी आणि एक मामांची. त्यांना आता ते बारीक अक्षर अजिबात दिसत नाही, मी फोनवरून एकेका घोड्याचं रेटिंग आणि वजन वाचून दाखवतो आणि ते पलीकडून म्हणतात, "थांब, हा परत वाच."