सोळा कोअर, काम करणारा एक: रायझन ९ ५९५०एक्स, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. प्रत्येक कोअर दोन थ्रेड (कामाच्या समांतर रांगा) चालवतो, म्हणून दिसणाऱ्या बत्तीस चौकोनांपैकी एक-दोन घाम गाळतात, पाच-सहा अधूनमधून मान डोलावतात, उरलेले रस्त्यावरच्या खड्ड्याभोवती जमलेल्या बघ्यांसारखे उभे. एएमडीच्या या प्रोसेसरवरचे निम्मे विनोद इथूनच निघतात आणि ते रास्त आहेत. निव्वळ गेमिंगसाठी आठ कोअरचा ५८००एक्स३डी बरा, फ्रेम बहुधा जास्तच मिळतील.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा सीपीयू रेंडर लावला की मात्र बत्तीसच्या बत्तीस कामाला जुंपले जातात. सी++ कम्पाइल करताना जरा जपून. ‘मेक -जे३२’ (एकाच वेळी ३२ जॉब) मारण्याआधी रॅम बघा: टेम्प्लेटने खच्चून भरलेल्या कोडमध्ये एकेक जॉब दीड-दोन जीबी सहज गिळतो. ३२ जीबीत मशीन स्वॅपमध्ये (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची संथ जागा) रुततं आणि सहा कोअरवाला आपल्याआधी चहाला जातो. जॉब १६ वर आणा, नाहीतर ६४ जीबी टाका. शेवटी लिंकिंग, म्हणजे कम्पाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवणं, येतं. जुना लिंकर ते एकाच थ्रेडवर उरकतो, म्हणून अनेक थ्रेडवर चालणारा मोल्ड हा लिंकर वापरा. कामाचा १० टक्के भाग जरी असा एकट्याचा राहिला, तरी सोळा कोअरवर वेग ६.४ पटच मिळतो. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालचं हे गणित १९६७ पासून कुणालाच सवलत देत नाही.

आत आठ-आठ कोअरच्या दोन चिपलेट (छोट्या चिप) आहेत, प्रत्येकीची ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) वेगळी. पलीकडच्या चिपलेटशी बोलायला वेळ लागतो. लॅग खुपत असेल तर लिनक्सवर ‘टास्कसेट -सी ०-७,१६-२३’ देऊन प्रोग्राम पहिल्या चिपलेटवरच बांधा. विंडोजवर थ्रेडचे क्रमांक जोडीजोडीने लागतात, तिथे तीच चिपलेट ० ते १५.

खोक्यात कूलर नाही. टीडीपी (उष्णतेचा छापील आकडा) १०५ वॅट लिहिलेला असला तरी सॉकेटमधून वीज घेण्याची मर्यादा १४२ वॅट, तेव्हा दोन टॉवरचा दणकट एअर कूलर हवाच. बायोसमधल्या (मदरबोर्डच्या सेटिंगमधल्या) ६५ वॅटच्या इको मोडमध्ये ही मर्यादा ८८ वर येते. रेंडर थोडा रेंगाळतो, पंखे मात्र गप्प बसतात.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) सरसकट उणे ३० टाकून बढाई मारणारे बरेच भेटतील. त्यांचं मशीन पूर्ण भाराखाली टिकतं आणि रिकामं बसलं की रीस्टार्ट होतं, कारण हलक्या कामात एखादाच कोअर सर्वोच्च क्लॉकला उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. सगळ्यात चपळ दोन कोअरना उणे ५ ते १०, बाकीच्यांना उणे १५ पासून सुरुवात करा आणि एकेका कोअरची परीक्षा घेणारा कोअरसायकलर रात्रभर चालू ठेवा.