बोट सरळ करणारा स्प्रिंगचा स्प्लिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

अनामिकेचा आखडून वाकलेला मधला सांधा सरळ करण्यासाठी मी वापरत असलेल्या स्प्रिंगच्या स्प्लिंटचा वेल्क्रो पट्टा गेल्या आठवड्यात निकामी झाला. सुटा पट्टा मिळत नाही, संपूर्ण स्प्लिंटच नवीन घ्यावा लागेल, असे उत्तर उत्पादकाकडून आले. ज्या वस्तूची स्प्रिंग आणि सांगाडा अजून उत्तम स्थितीत आहे, ती बोटभर लांबीच्या पट्ट्यापायी टाकून द्यावी, हे मला मुळीच पटत नाही.

हा पट्टा क्षुल्लक नाही. स्प्लिंट बोटाला तळव्याच्या बाजूने दोन टोकांवर आधार देतो आणि वरून सांध्यालगत हा पट्टा दाब देतो. या तीन बिंदूंमधील समतोलावरच सारे काम चालते. पट्टा सैल पडला की स्प्लिंट टोकाकडे सरकतो, पुढचा आधार शेवटच्या सांध्यापलीकडे जातो आणि मधला सांधा वाकलेलाच राहून बोटाचे टोक मात्र उलटे वर वळते. पट्टा अधिक घट्ट आवळला तर सांध्यावरच्या पातळ त्वचेवर दाबाची जखम होण्याचा धोका असतो. त्वचा पांढरी पडणे किंवा बोटाच्या टोकाला बधिरपणा येणे, यांपैकी काहीही दिसल्यास स्प्लिंट लगेच काढावा.

सुरुवातीला माझी तक्रार वेगळीच होती. स्प्रिंग फारच मऊ आहे आणि इतक्या हलक्या ओढीने आखडलेला सांधा सुटणार कसा, असे मला वाटत होते. आता माझे मत बदलले आहे. जोराने ताणलेल्या सांध्याला सूज येते, सुजेतून नवा ताठरपणा निर्माण होतो. याउलट हलका ताण बराच वेळ राहिला तर ऊती हळूहळू लांबतात. आखडलेल्या मधल्या सांध्यांवर प्लास्टर घालून केलेल्या 1994 मधील एका अभ्यासात सहा दिवसांच्या प्लास्टरने मिळालेला लाभ तीन दिवसांच्या प्लास्टरच्या तुलनेत स्पष्टपणे अधिक होता. त्यामुळे हा स्प्लिंट थोडा वेळ घालून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी वापराचा कालावधी पाहावा. माझ्या सांध्याचा वाक 45 अंशांवरून 15 अंशांवर आला आहे. मात्र सरळ करण्याच्या नादात मूठ वळण्याची क्षमता गमावू नये म्हणून स्प्लिंट काढल्यावर दर वेळी पूर्ण मूठ वळण्याचा व्यायाम आवश्यक आहे.

विकत घेण्यापूर्वी ताठरपणाचे कारण हॅण्ड थेरपिस्टकडून तपासून घ्यावे. दुसऱ्या हाताने बोट हलवले असता ते सहज हलते, पण स्वतःच्या ताकदीने हलत नाही, असे असल्यास कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चिकटलेली असू शकते. मुळाचा सांधा सरळ ठेवल्यावर मधला सांधा कमी वाकतो आणि मुळाचा सांधा वाकवल्यावर अधिक वाकतो, तर हातातील लहान स्नायू आखडलेले असतात. या दोन्ही स्थितींत हा स्प्लिंट एकट्याने पुरणार नाही. सांधा ताणताना शेवटी हाड हाडाला टेकल्यासारखा कठीण अडथळा लागत असल्यास तर कोणताही स्प्लिंट निरुपयोगी आहे.

अशा वेळी, विशेषतः कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजून सांधा सतत दुखत असल्यास, सांधा कायमचा जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. माझ्या सर्जननीही तो पर्याय सांगितला होता. यात वेदना थांबतात, बोटाला स्थैर्य येते, पण त्या सांध्याची हालचाल कायमची जाते. म्हणून कोणत्या कोनात जोडायचे याची चर्चा शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. मधला सांधा तर्जनीत साधारण 40 अंशांत जोडतात आणि करंगळीकडे जाताना हा कोन वाढवत नेतात, कारण पकडीसाठी त्या बाजूची बोटे अधिक वाकावी लागतात. बोटे वाकवणाऱ्या खोल कंडरा एकाच स्नायूसमूहातून निघत असल्याने एका बोटाची मर्यादा शेजारच्या बोटांच्या ताकदीवरही परिणाम करू शकते. वेदना नसलेल्या आणि मऊ अडथळा असलेल्या माझ्या सांध्यासाठी स्प्लिंटला आधी पुरेसा वेळ देणे मला योग्य वाटले.

हा स्प्लिंट मी अजूनही सुचवेन, पण पट्टा सुटा मिळतो का, हे विक्रेत्याला विचारूनच घ्यावा. तूर्त थेरपिस्टनी तेवढ्याच रुंदीचा मऊ पट्टा बसवून दिला आहे आणि तो मूळ पट्ट्यापेक्षा चांगला टिकतो आहे.